कोलॅजनची भुकटी आणि श्रावकाचे दुकान

सुताराच्या कामशाळेत पूर्वी सरसाचे भांडे विस्तवावर चढलेले असे. तो उग्र वास ज्यांनी लहानपणी घेतला आहे त्यांस तो आजही डोळे मिटून ओळखता येईल. सरस कशाचा होतो हे त्या काळी लहानथोर सर्वांस ठाऊक होते. जनावरांची कातडी, हाडे आणि कंडरा पाण्यात दीर्घकाळ उकळून जो चिकट अर्क निघे तोच आटवून त्याच्या वड्या पाडीत. आमच्या घरी कीर्दखतावणीच्या पुठ्ठ्यांस सरस लावू देत नसत. वहीबांधणाऱ्यास कणकेची खळ घरूनच करून दिली जाई.

तोच पदार्थ अधिक शुद्ध व अधिक बारीक होऊन, वासरहित भुकटीच्या रूपाने, फळांचा स्वाद आणि सुंदर डबा घेऊन आज आमच्या दुकानांत आला आहे. त्याचे नाव कोलॅजन. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस. ज्यापासून सरस निपजतो ते कोलॅजन. त्वचेवरील सुरकुत्या कमी व्हाव्यात, गुडघ्यांची कुरकुर थांबावी, केस व नखे बळकट व्हावीत म्हणून ही भुकटी लोक दुधात किंवा पाण्यात घालून घेतात. आमच्या सभासदांपैकी जे औषधे, किराणा वा सौंदर्यप्रसाधने विकतात त्यांच्याकडे तिची मागणी रोजची झाली आहे, आणि गिऱ्हाइकांत श्रावककुटुंबे कमी नाहीत.

हा लेख लिहिण्यास एक घरगुती कारण घडले. आमच्या वडील वहिनींचे गुडघे दुखू लागले तेव्हा सांध्यांसाठी म्हणून एक कॅप्सूल आम्हीच आमच्या दुकानातून त्यांस दिली. चौदा महिने त्यांनी ती नियमाने घेतली. रात्रिभोजनत्याग असल्यामुळे सायंकाळची कॅप्सूल सूर्यास्तापूर्वी घेण्याची त्यांची घाई आम्हांस अजून आठवते. पुढे दशलक्षण पर्वात नात खोके वाचीत बसली असता बारीक अक्षरांत दोन गोष्टी आढळल्या : कवच जिलेटिनचे, आणि आतील कॉन्ड्रॉइटिन गोजातीय कूर्चेचे. वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “भाऊजी, अशी किती खोकी तुम्ही आजवर विकली?” आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण आम्ही विकलेली वस्तू आम्हीच वाचली नव्हती. त्यानंतर जे वाचले व विचारले ते येथे व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शरीरात कोलॅजन म्हणजे काय ते पाहू. अमायनो आम्ले नावाचे लहान रेणू मण्यांप्रमाणे एकापुढे एक गुंफले गेले म्हणजे प्रथिन होते. शरीरातील प्रथिनांपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश एकटे कोलॅजन असते. त्वचेचा आतील थर, हाडांचा सांगाडा, सांध्यांतील कूर्चा, स्नायूस हाडाशी जखडणाऱ्या कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जे जे शरीरास बांधून ठेवते त्या सर्वांत तेच धाग्याप्रमाणे पसरलेले आहे. या बांधणाऱ्या द्रव्यास संयोजी ऊतक म्हणतात.

या धाग्याची रचना उलगडण्याचे श्रेय मोठ्या अंशी आपल्याच देशाचे आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली कोलॅजन हे तीन साखळ्यांचे बनलेले असल्याचे मांडले, आणि १९५५ मध्ये त्या तीन साखळ्या दोरखंडाच्या पिळाप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात अशी सुधारलेली आकृती दिली. अभ्यासास लागणारे नमुने मिळविण्यास शेजारच्याच केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेची मदत झाली. कातड्याची संस्था आणि कोलॅजन यांचा हा शेजार योगायोगाचा नव्हे, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

या पिळात एक नियम आहे. साखळीतील दर तिसरा मणी ग्लायसिन हाच असावा लागतो. ग्लायसिन हे अमायनो आम्लांत सर्वांत लहान, आणि तीन साखळ्या जेथे आत मिळतात तेथील चिंचोळ्या जागेत दुसरे कोणतेही मावत नाही. जन्मतः एका ग्लायसिनच्या जागी दुसरा मणी बसला तरी हाडे काचेसारखी ठिसूळ होण्याचा रोग होऊ शकतो. उरलेल्या दोन जागांवर प्रोलिन पुष्कळ असते. त्यापैकी बऱ्याच प्रोलिनचे साखळी गुंफल्यानंतर हायड्रॉक्सिप्रोलिन होते, आणि त्यामुळेच पीळ घट्ट राहतो. हा बदल घडविणाऱ्या एन्झाइमास लोह व ‘क’ जीवनसत्त्व लागते. ‘क’ जीवनसत्त्व नसेल तर पीळ सैल पडतो, हिरड्यांतून रक्त येते, जुने व्रण उकलतात. दर्यावर्दी लोकांस होणारा स्कर्व्ही तो हाच. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने संत्री व लिंबे देऊन खलाशी बरे केले, तेव्हा त्यास कोलॅजनचे नावही ठाऊक नव्हते.

यावरून एक गोष्ट निघते, आणि तीच आमच्या मते मुख्य आहे. शरीर बाहेरून आणलेले कोलॅजन जसेच्या तसे आपल्या त्वचेत बसवीत नाही. ते स्वतःचे कोलॅजन स्वतः विणते, आणि त्यासाठी त्यास अमायनो आम्ले, ‘क’ जीवनसत्त्व व लोह एवढी सामग्री हवी असते. खाल्लेले कोलॅजन जठरात व आतड्यांत इतर प्रथिनांप्रमाणेच तुटते. त्यातील काही दोन-दोन मण्यांचे तुकडे रक्तात पोचतात हे खरे आहे, व ते पेशींस काही इशारा देत असावेत असे काही संशोधक म्हणतात. परंतु गायीचे कोलॅजन गालात जाऊन बसते ही जाहिरातीतील चित्रे पाहून होणारी समजूत चुकीची आहे.

जिलेटिनचा इतिहासही व्यापाऱ्याने ऐकण्याजोगा आहे. १८२० मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने जिलेटिन गंधकाम्लात उकळले असता त्यास गोड स्फटिक मिळाले. त्याने त्यास ‘जिलेटिनची साखर’ म्हटले. तेच आजचे ग्लायसिन. त्याच सुमारास पॅरिसमध्ये टाकाऊ हाडांतून जिलेटिन काढून त्याचा रस्सा रुग्णालयांतील गोरगरिबांस देण्याचे खूळ बोकाळले होते. स्वस्तात मांसाचे पोषण, असा त्याचा डांगोरा होता. अखेर चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिने १८४१ मध्ये निवाडा दिला की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. ज्या कुत्र्यांवर हे प्रयोग झाले त्यांची कथा येथे सांगवत नाही. कारण पुढे कळले : जी नऊ अमायनो आम्ले शरीर स्वतः करू शकत नाही त्यांपैकी ट्रिप्टोफॅन जिलेटिनात मुळीच नसते. इतके होऊनही अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात कोलॅजनचे द्रव प्रथिन हाच एकमेव आहार घेऊन वजन उतरविण्याची लाट आली, आणि १९७७-७८ च्या सुमारास तो आहार घेणाऱ्यांचे सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले, त्यांत अनेकांचे हृदयाचे ठोके बिघडलेले होते. जेवणावर एक चमचा भुकटी घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, त्यास असे भय नाही. तथापि ‘प्रथिन’ एवढा शब्द डब्यावर पाहून त्यास दूध वा डाळ यांच्या तोलाचे समजणारे गिऱ्हाईक असेल तर त्याची समजूत घालणे दुकानदाराचे काम आहे.

मग या भुकटीचा उपयोग होतो की नाही? प्रामाणिक उत्तर असे की काही प्रयोगांत त्वचेचा ओलावा व लवचीकपणा थोडा वाढल्याचे दिसले. परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत २३ प्रयोग व १,४७४ व्यक्ती एकत्र पाहिल्या असता असे आढळले की औषधकंपन्यांच्या पैशाशिवाय झालेले प्रयोग वेगळे काढले म्हणजे लाभ दिसत नाही. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामिन व कॉन्ड्रॉइटिन यांचीही अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी परीक्षा झाली. २००६ मध्ये तिचा निष्कर्ष आला तो असा की एकंदर रुग्णांत ही द्रव्ये नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरली नाहीत. व्यापारी माणसास पैसा कोणी लावला हे विचारण्याची सवय असते. ती येथेही उपयोगी पडते.

आता मालाच्या उगमाकडे वळू. कोलॅजन वनस्पतीत नसते. बाजारातील खाण्याचे कोलॅजन गाय, म्हैस वा डुक्कर यांची कातडी व हाडे, अथवा माशांची कातडी व खवले यांपासूनच येते. ‘मरीन’ हा शब्द वाचून काही भाविक गिऱ्हाइके समुद्रशेवाळ समजतात; तो मासा आहे. सांध्यांसाठी ‘टाइप टू’ म्हणून जे मिळते ते बहुधा कोंबडीच्या छातीच्या कूर्चेचे असते. कॉन्ड्रॉइटिन गाय, डुक्कर वा शार्क यांच्या कूर्चेचे. ग्लुकोसामिन बहुतांशी कोळंबी व खेकडे यांच्या कवचांचे, परंतु धान्य आंबवूनही ते करता येते. हायल्युरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, आता पुष्कळसे जिवाणूंच्या साहाय्याने बनते. म्हणजे एकाच नावाखाली दोन उगम असू शकतात, आणि नुसते नाव वाचून निर्णय करता येत नाही.

सुटी अमायनो आम्लेही अशीच तपासून घ्यावी लागतात. लायसिन आज काकवी किंवा मक्याचा स्टार्च आंबवून होते. १९५० नंतरच्या दशकात जपानात सापडलेल्या एका जिवाणूच्या बळावर हा धंदा उभा राहिला. ग्लायसिन बहुधा रासायनिक रीतीने तयार होते, प्राण्याचा संबंध नसतो. पूर्वी ज्यास जिलेटिनची साखर म्हटले तेच आज जिलेटिनवाचून मिळते हे विशेष. प्रोलिन किण्वनानेही होते आणि जिलेटिन तोडूनही होते. सिस्टिनाबाबत मात्र सावध असावे. ते पूर्वीपासून पक्ष्यांची पिसे व मानवी केस आम्लात उकळून काढीत आले आहेत, जरी किण्वनाचे सिस्टिनही आता मिळते. किण्वनातील सूक्ष्म जीवांचा विचार कोणी करील, तर तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांपुढे ठेवावा. त्यात निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही.

‘शाकाहारी कोलॅजन’ अशी अक्षरे छापलेले डबेही बाजारात दिसतात. त्यांत बहुधा ‘क’ जीवनसत्त्व, आवळ्याचा वा अन्य फळांचा अर्क आणि काही अमायनो आम्ले असतात. वस्तू वाईट नाही, पण ते कोलॅजन नव्हे. कोलॅजन विणण्यास उपयोगी पडेल अशी सामग्री आहे. यीस्टमध्ये जीन घालून कोलॅजनचे अंश तयार करण्याची विद्या निघाली आहे खरी, तथापि तशी वस्तू असेल तर ती डब्यावर स्पष्ट सांगितलेली असावी. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी मापे वापरण्याच्या जोडीस ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे, म्हणजे एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू खपविणे. आवळ्याची भुकटी कोलॅजन म्हणून, कोलॅजनच्या भावाने विकणे यात बसते की नाही, याचा विचार आम्ही पेढीवर बसून बराच वेळ केला. आता तो डबा आम्ही विकतो, पण ‘हे कोलॅजन नाही’ असे तोंडाने सांगून विकतो. खप निम्म्यावर आला.

खोक्यावरील खुणांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. आपल्या देशात डबाबंद अन्नावर शाकाहारासाठी चौकोनात हिरवे वर्तुळ असते. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ असे. २०२० च्या नियमांनी त्याऐवजी चौकोनात तपकिरी त्रिकोण आला, जेणेकरून रंग न ओळखणाऱ्यासही भेद कळावा. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा आदेश दिला की घटक कितीही अल्प असो, त्याचा उगम वनस्पतीचा की प्राण्याचा हे सांगितले पाहिजे, नुसता सांकेतिक क्रमांक पुरे नाही. येथवर ठीक. परंतु श्रावकाच्या दृष्टीने हिरव्या खुणेस दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे कायद्याच्या व्याख्येत दूध, मध, मेण आणि लाख हे पदार्थ मांसाहारात धरलेले नाहीत. म्हणून मध घातलेल्या वस्तूवरही हिरवी खूण बिनदिक्कत येते. मद्य, मांस व मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांत गणलेला असल्यामुळे आपणांस घटकांची यादी वाचणे चुकत नाही. गोळीवरील चकाकी लाखेची असू शकते, हेही त्याच यादीत सापडते. कंदमुळांचीही हीच गत. दुसरी मर्यादा अधिक मोठी : औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अशी खूण सक्तीची नाही. वहिनींच्या खोक्यावर कोणतीच खूण नव्हती, आणि खूण नाही याचा अर्थ आम्ही ‘दोष नाही’ असा घेतला.

जिलेटिनच्या कवचास पर्याय आहे. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून हायप्रोमेलोज नावाचे कवच होते, आणि किण्वनाचे पुलुलान हेही वापरतात. पुड्या, पातळ औषध किंवा गोळ्या या रूपांतही पुष्कळ औषधे मिळतात, मात्र गोळ्यांतील मॅग्नेशियम स्टिअरेट चरबीचे की वनस्पतितेलाचे ते विचारावे. येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. डॉक्टरांनी दिलेले हृदयाचे, फिटीचे वा जंतुसंसर्गाचे औषध कवच जिलेटिनचे आहे म्हणून कोणी आपणहून सोडू नये, आणि दुकानदाराने तर तसा सल्ला कदापि देऊ नये. डॉक्टरांस विचारून पर्याय मागावा, बहुधा मिळतो. सुरकुत्यांच्या भुकटीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही.

मग घरच्या अन्नातून ही सामग्री मिळते काय? मिळते, पण हिशेब नीट मांडला पाहिजे. दहा ग्रॅम कोलॅजनात सुमारे दोन ग्रॅमांवर ग्लायसिन असते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे दीड ग्रॅम, तिळात सव्वा ग्रॅमाच्या आसपास. (शेंगदाणा जमिनीखाली धरतो, पण तो कंद नव्हे.) हरभरा, तूर, सोयाबीन यांतही ते भरपूर आहे, आणि शरीर स्वतःही रोज ग्लायसिन तयार करते. दुधात ग्लायसिन कमी. उलट प्रोलिन पुष्कळ, कारण दुधातील केसीन या प्रथिनाचा सुमारे दहावा हिस्सा प्रोलिनच असतो. ज्वारी व गहू यांत लायसिन थोडे असते, ते डाळ भरून काढते. भाकरीबरोबर आमटी खाणाऱ्या आजीने हे शास्त्र न शिकता साधले होते. लोखंडी तव्याकढईची सवयही लोहाच्या दृष्टीने चांगलीच म्हणावयाची.

‘क’ जीवनसत्त्वासाठी आवळा, लिंबू आणि पेरू आहेत. पेरू बहुबीज म्हणून ज्या घरी वर्ज्य असेल तेथे पहिले दोन पुरतात. लिंबू मात्र आमटी उकळताना न घालता पानावर पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

आमच्या समाजात खरी उणीव निराळीच दिसते, आणि ती एकंदर प्रथिनांची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ माणसास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन सुचविले. साठ किलोच्या माणसास ते सुमारे पन्नास ग्रॅम होते. दोन चपात्या, पातळ वरण आणि भात असे एकभुक्त जेवणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत, असे आमच्याच घरचा हिशेब मांडता दिसले. त्यांच्या पानात घट्ट डाळ, दही, मूठभर शेंगदाणे व तीळ वाढविणे हे डब्यातील भुकटीहून आधीचे काम. व्रताच्या पारण्याच्या दिवशी तर याचा विशेष विचार व्हावा. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रथिने वाढविणे अथवा अमायनो आम्लांच्या गोळ्या घेणे डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये.

आमच्या दुकानात आता नवा माल येण्यापूर्वी पुरवठादारास लेखी तीन प्रश्न जातात : कवच कशाचे, प्रत्येक घटकाचा उगम कोणता, आणि मध, लाख वा चरबीचा अंश आहे काय. काहींची उत्तरे दोन दिवसांत येतात, काहींची येतच नाहीत. ज्यांची आली नाहीत त्यांचा माल परत जातो. कोलॅजनची भुकटी आम्ही ठेवीत नाही. शेजारचा दुकानदार ठेवतो, त्याचे गिऱ्हाईक वाढले आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

वहिनींनी प्रायश्चित्त घेतले ते काय, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. डॉक्टरांनी शिकविलेले मांडीचे व्यायाम त्या सकाळी करतात, चार किलो वजन उतरले आहे, आणि दुपारच्या पानात घट्ट वरणाची वाटी असते. गुडघे अजून दुखतात, पूर्वीपेक्षा कमी. मंदिराच्या पायऱ्या चढताना त्या कठड्यास धरतात. आणि आमच्या दुकानातून घरी काही गेले की नातीस चष्मा आणावयास सांगून आधी खोके वाचून घेतात.